चौकटीतला खिळा

४ मार्च
मोजणीवाला येऊन गेला! उन्हाने लाल झालेला, पोरगेलासा. पूररेषेचा नवा नकाशा करताहेत म्हणे. मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, कुणालाच सांगता येईना. सगळ्यांनी भिंती रंगवलेल्या. मी मात्र दाराच्या चौकटीतला पितळी खिळा दाखवला. पाणी होतं तिथेच मी तो ठोकलेला. सुतार माणूस, लाकडावरच लिहिणार! त्याने फोटो काढला, उंची घेतली. सरबत पाजलं. ही आतून म्हणाली, "पाहुणा दिसला की तुमच्या जिभेला हाड नसतं."

१९ मे
घराला गिऱ्हाईक मिळालं — बेकरीवाला. बँकेचं कर्ज मिळालं की झालंच! लेकीशेजारी तळमजल्याच्या खोल्या बघितल्यात. पुरानंतर मी हौसेने जोतं उचललं, तेव्हापासून दाराशी पायऱ्या आल्या. हिचे गुडघे त्या रोज शिव्या देत उतरतात. तिथे एकही पायरी नाही.

२ जुलै
नकाशा आला. अख्खी गल्ली पुराच्या पट्ट्यात! विमेवाला म्हणतो, "काका, या घराचा विमा आता कोणी उतरवणार नाही." विमा नाही तर बँक कर्ज देत नाही. बेकरीवाला दारातूनच बोलला, "मनात फार होतं हो, काका." पाव ठेवून गेला.

३ जुलै
काही सुचत नाही.

९ जुलै
हिला हात देऊन उतरवत होतो. मधल्याच पायरीवर डोक्यात लख्ख प्रकाश पडला — चौकट! जोतं उचललं तेव्हा जुनी चौकट काढून तीच वर बसवली. तिच्याबरोबर खिळाही जोत्याएवढा वर चढला. तेवढं पाणी कधी आलंच नव्हतं! अख्खी गल्ली मी बुडवली, एका खिळ्याने.
शेजारीण नकाशावाल्यांचा उद्धार करत होती. मी आपला हो ला हो.
हिला सांगून टाकलं. खिळ्याकडे बघत बसली.

१५ जुलै, दुपार
नकाशावाल्यांच्या कचेरीत जाऊन आलो. हिला उगाच आशा नको, म्हणून बाजारात जातो म्हटलं. साहेब भला निघाला! "चौकटीच्या बुडापासून खिळा किती वर आहे ते मोजू, तेवढंच खरं पाणी. नकाशा दुरुस्त होईल. पण काका, खिळा जागेवर आहे ना? दुसरा पुरावा नाही." आहे म्हटलं, जाणार कुठे! सोमवारी येतोय. घर येईपर्यंत एकटाच हसत होतो. खुळा वाटलो असेन लोकांना.
दारात ही. हातात माझी पक्कड.
"काढला मेल्याला! आता कुणाला काय दाखवाल?"
भोक बुजवून वर रंगही मारलेला. सुताराची बायको — काम इतकं साफ की माझ्याच बोटाला जागा लागेना. किती दिवसांनी हसत होती.
म्हटलं, "बरं केलंस."