तेलकट कागदावरचं घर

३ मार्च, गुरुवार

आज पाच माकाला खाल्ले, पान मिळालं एकच. तेही मृत्यूच्या नोंदीचं, अर्धं. नाव फाटून गेलेलं, तारीख तेवढी शिल्लक.

यासिपा कढईतून पिठाचे गरम गोळे काढता काढता म्हणाली, "ओदिलताई, तू माझे माकाला खातेस की माझे कागद?" तिला काय सांगायचं! बंडखोरांनी नगरपालिका लुटली तेव्हा खुर्च्या गेल्या, पंखे गेले, दारं गेली, आणि नोंदवह्या बाजारात आल्या. त्याला आठ वर्षं झाली. अजून या गावात माकाला आणि शेंगदाणे सरकारच्या कागदात बांधून मिळतात. जन्म, लग्न, जमीन, सगळं एकाच भावात. मी त्या दफ्तरातली कारकून. दफ्तर नाही, टेबल नाही, पगार आला तर आला. पण रोज सकाळी बाजारात जाऊन माझ्या नोंदवह्या पानापानानं परत आणते. पोट सुटलंय. आई म्हणते, सरकारी नोकरी तुझ्या अंगी लागली.

ट्रंक जवळजवळ भरत आली आहे.

५ मार्च, शनिवार

नवे साहेब आले! राजधानी बांगीहून, शांतिसैनिकांच्या गाड्यांच्या मागून. फुलबेर साहेब — तरुण आहेत, बूट फार स्वच्छ. झेंड्याला खांब नव्हता, आंब्याच्या फांदीला बांधला.

"राज्य परत आलं आहे," साहेब म्हणाले.

"गेलं कुठं होतं?" मागून कुणीतरी. सगळे हसले. साहेबही हसले, ते मला आवडलं.

मग मुद्द्यावर आले. पळून गेलेली मुसलमान कुटुंबं कॅमेरूनहून परतताहेत. ज्याच्या घराची नोंद सापडेल त्याला त्याचं घर. नोंद नसेल तर जो राहतोय त्याच्या नावावर. यादी एकतीस मार्चला बांगीला जाणार. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी झेंड्याकडे बघत राहिले.

६ मार्च, रविवार

प्रार्थनेत लक्ष नव्हतं. ट्रंक पलंगाखाली आहे. पलंग रमातूचा आहे.

९ मार्च, बुधवार

ट्रंक साहेबांना दिली. डोक्यावरून नेली, म्हटलं लोकांनी बघू दे. साहेबांनी चार पानं उलटली, मग बोटं रुमालाला पुसली.

"मॅडम, हे तेल?"

"माकालाचं, साहेब. आठ वर्षांचं."

ते उठून उभे राहिले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्यासारखे दहा जण असते तर देश असा झाला नसता." मला रडू आलं. लाजेनं आलं, ते त्यांना कळलं नाही.

एक पान मी आधीच काढून ठेवलं होतं. भूखंड, विहिरीजवळचा, मालकीण रमातू. तीन वर्षांपूर्वी शेंगदाण्यांच्या पुडीत मिळालं. आता कसावाच्या पिठाच्या डब्यात आहे, तळाशी.

इथं तरी खरं लिहिते. आमचं घर जळलं त्याच आठवड्यात रमातूचं कुटुंब ट्रकमध्ये चढलं. तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "रिकामं ठेवू नकोस, छपरं काढून नेतील." मी रिकामं ठेवलं नाही. आई आली, मी आले, आठ वर्षं झाली. आता हे घर माझं नाही असं मला रोज आठवावं लागतं, आणि कधी कधी मी आठवत नाही.

१४ मार्च, सोमवार

"को-को-को," फाटकाबाहेरून आवाज आला. परक्याच्या दारात उभं राहून देतात तसा. बघते तर रमातू! निम्मी झालीय. स्वतःच्या फाटकाबाहेर उभी राहून आत यायची परवानगी मागत होती.

"आंब्याला धरलंय का गं यंदा?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"आत ये ना."

"नको. आम्ही बायका मशिदीच्या अंगणात उतरलोय. तिथं बरं आहे." मग म्हणाली, "साहेब कागद मागतात. माझा कागद तुझ्याच दफ्तरात होता ना. तू पानं गोळा केलीस म्हणे. माझं काही सापडलं?"

"नाही," मी म्हटलं. किती पटकन म्हटलं!

"जाऊ दे. तू तरी काय करणार. भिंती उभ्या ठेवल्यास हेच खूप झालं."

पाणी प्यायली आणि गेली. भांडं आपणच विसळून पालथं घातलं, नेहमीच्या जागी.

१५ मार्च

आई जेवली नाही. "तिच्या चुलीवरचं आज घशाखाली उतरत नाही," म्हणाली. मी म्हटलं, मग जायचं कुठं, सांग! आमच्या जागेत भिंती कमरेएवढ्या उरल्यात. स्वयंपाकघरात पपई उगवलीय. आईनं ताट झाकून ठेवलं. ती बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

२३ मार्च, बुधवार

रमातू परत आली. ओढणीच्या गाठीतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी, त्यातून एक घडी घातलेला कागद.

"आठवतं? ट्रक सुटताना तू पोरांसाठी माकाला दिले होतेस. ते यात होते. पोरांनी खाल्ले, मी कागद फेकणार, तर शिक्का दिसला. आपल्या गावचा. मला वाचता येत नाही, पण शिक्का कळतो. म्हटलं कुणाचं तरी असेल, रस्त्यात कसं टाकायचं?"

जन्माची नोंद होती. मुलगा, बाप होड्या करणारा, ओळखीचं कुणी नाही. आठ वर्षं छावणीत, पावसात, तंबूत तिनं एका परक्या पोराचं पान सांभाळलं. तिला वाचताही येत नाही. आणि मला सगळं वाचता येतं.

"सापडेल का तो?" तिनं विचारलं.

"शोधू," मी म्हटलं. तिच्याकडे बघवलं नाही.

२४ मार्च

पीठ चाळलं. पान आहे. पिठानं तेल ओढून घेतलंय, रमातूचं नाव आधीपेक्षा स्वच्छ दिसतं.

देणार. ठरलं. आईला सांगितलं तेव्हा तिनं ताटभर कसावाचा गोझो खाल्ला.

२७ मार्च, रविवार

आधी आमच्या जागेत एका खोलीवर तरी छप्पर हवं. आईला उघड्यावर कुठं नेऊ? गवताच्या पेंढ्या आणल्या, बांबू आणले. पपई तोडली नाही, भिंतच जरा अलीकडून घेतली. यासिपा म्हणाली, "ताई, एकतीस तारीख विसरू नकोस हो." मी हसले. वीस वर्षं सरकारची नोकरी केलीय मी. सरकारचा मार्च पावसाळ्यात संपतो.

३० मार्च

अर्धं छप्पर झालं. पाठ मोडली. तरी बरं वाटतंय, खूप वर्षांनी. मशिदीत जाऊन रमातूला सांगून आले, शुक्रवारी जेवायला ये, शनिवारपासून तुझे रोजे. पान जेवणाआधी तिच्या हातात द्यायचं. ती काय म्हणेल? शिव्या दिल्या तरी ऐकून घेईन.

३१ मार्च

छप्पर पूर्ण. उद्या सकाळी साहेबांना पान दाखवून शिक्का मारून घेते.

१ एप्रिल, शुक्रवार

यादी काल सकाळी आठ वाजता गेली. शांतिसैनिकांच्या गाडीतून, वेळेवर. साहेबांनी पान वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "घर तुमच्या नावावर लागलंय, मॅडम. आता तिला द्यायचं तर तुम्ही तिला विकायला हवं."

तिचं घर, मी तिला विकायचं.

फाटकाशी को-को-को ऐकू येतंय. जेवायला आली.