नात्याचा रकाना

प्रिय भिंगरी,

आईचं पत्र म्हटल्यावर आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरी सगळं ठीक आहे. तुझे बाबा ठणठणीत आहेत, फक्त मंगळवारपासून त्यांचं तोंड बंद व्हायला तयार नाही. शेजारी, इस्त्रीवाला, दातांचा डॉक्टर, जो सापडेल त्याला तुझी-माझी गोष्ट सांगत सुटलेत. दरवेळी थोडं तिखटमीठ वाढतंय. तेव्हा खरं काय झालं ते माझ्याकडूनच ऐक, कारण विमानतळावरच्या त्या खिडकीच्या माझ्या बाजूचं तुलाही ठाऊक नाही.

विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी ओळखपत्रं बघता बघता मला बावीस वर्षं झाली. फोटो, चेहरा, पुन्हा फोटो, मग तिकिटावरचं नाव. हाताखालच्या पोरी मागून मला ‘भिंग’ म्हणतात, आणि खरं सांगू, मला ते आवडतं. सैनिकांची ओळखपत्रं तर माझ्या अगदी सवयीची झालीत. कुणी घाईत कॅन्टीनचं कार्ड पुढे करतो आणि मी परत दिलं की शाळकरी पोरासारखे खिसे चाचपतो. कुणी निवृत्त आजोबा असा जुना फोटो दाखवतात की त्यात नुसत्या मिशाच दिसतात. मग मी कान जुळवून बघते. पण त्याच सैनिकांच्या आया काचेपलीकडे उभ्या असतात, मुलगा दिसेनासा झाला तरी हात हलवत. तू सैन्यात जाते म्हणालीस ना, तेव्हा त्या काचेपलीकडे मला मीच दिसले. भीती वाटली गं. ते सांगायची लाज वाटली, म्हणून रागावले. राग काय, माझ्या नाकावरच असतो.

मग तीन वर्षं तुझा फोन आला की बाबांच्या हातात द्यायचा आणि शेजारी बसून कान टवकारायचे. प्रशिक्षण संपल्याच्या तुझ्या संचलनाला आले नाही, ड्यूटी आहे म्हणाले. नव्हती. दिवसभर घरात कपाटं आवरत बसले होते. कामावर कुणी विचारलं तर मुलगी बाहेरगावी नोकरी करते, एवढंच सांगायचे. आत्ता तू चार दिवसांच्या रजेवर आलीस, तर मी चारही दिवस जादा काम मागून घेतलं. मंगळवारी तू निघणार हे माहीत होतं, पण सैनिकांना बाजूची वेगळी रांग असते, दोन मिनिटांत माणूस आत. त्यामुळे मी निर्धास्त होते.

आणि बघते तर काय, तू माझ्या रांगेत. पुढे चाळीसेक माणसं, पाठीवर एवढं मोठं ओझं. बाजूच्या खिडकीवरच्या मुलीने तुला दोनदा हाक मारली, तू ऐकूच आलं नाही असं दाखवलंस. हा हट्ट कुणाकडून आला ते विचारायची सोय नाही. तू समोर आलीस आणि माझे हात सवयीने चालू लागले. फोटो, चेहरा, पुन्हा फोटो. टोपी काढा म्हणाले. पोटच्या पोरीला अहोजाहो. तू टोपी काढलीस आणि कपाळावरचा तो भोवरा, मी दहा वर्षं रोज तेल लावून चापत होते तो, टणकन उभा राहिला. तेव्हा कुठे मला नियम आठवला. घरच्या माणसाचं ओळखपत्र आपण तपासायचं नाही. हात वर करायचा, साहेबांना बोलवायचं, नातं मोठ्याने सांगायचं आणि वहीत नोंदवायचं. लहानपणापासून जेवताना तू हेच ऐकत आलीस. म्हणजे ठरवूनच आली होतीस, लबाड.

सांगितलं. ही माझी मुलगी आहे, असं. साहेब म्हणाले, ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं, वर कुणी न विचारता सैन्यात अधिकारी आहे हेही सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा रांगेतल्या एका काकूंनी कळलं हो म्हणून हात हलवला. वहीत नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’ लिहिलं ते इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं. तू बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत उभी होतीस. साहेबांनी कार्ड बघून तुला आत सोडलं. तुझ्यामागे तीस माणसं खोळंबली होती, त्यामुळे जे बोलायचं ते राहूनच गेलं. ते एवढंच, हवं तेवढं रागाव माझ्यावर, पण मला माफ कर.

आता पत्राचं कारण. बाबा सांगत होते, पुढच्या महिन्यात तुला बढती आहे. मागच्या वेळी तुझ्या एका खांद्यावर तारे बाबांनी लावले आणि दुसऱ्यावर तुझ्या प्रशिक्षकांनी, कारण मी कपाटं आवरत होते. तो फोटो बाबांच्या पाकिटात आहे, मी तो चोरून खूपदा पाहिलाय. या वेळी मी रजा टाकली आहे, तिकीटही काढलंय. तुमच्या फाटकावर माझं ओळखपत्र मागतील. मी रांगेत उभी राहीन, मला कसलीही सवलत नको. कोण लागता म्हणून विचारलं तर मोठ्याने सांगायचा आता माझा सराव झालाय. तू फक्त एवढंच कर, एक खांदा माझ्यासाठी मोकळा ठेव.

तुझीच,
भिंग उर्फ आई