तोफेवर काकू

२ मार्च
बटणं काढली! सरळ काढूनच टाकली! आमच्या हवाई जहाजाच्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि यंदाच्या स्पर्धेत सगळं हातवाऱ्यांनी आणि आवाजाने. समोर कॅमेरा, तोंडापाशी माईक. हात फिरवला की तोफ फिरणार, ‘मार’ म्हटलं की उडणार. आठ वर्षं अंगठे घासून मिळवलेली सफाई गेली पाण्यात. हवेत हात हलवून खेळायचं ते घरी पाहुणे आले की, चार घटका हसायला. आमच्यासारख्या मुरलेल्यांनी नव्हे!

सुनेला म्हटलं, मी खेळणंच सोडते. ती म्हणाली, “सोडा की. पण मग रोज संध्याकाळी कोणाच्या मागे लागणार, ते आधी सांगा.”

३ मार्च
काल खरं कारण लिहिलंच नाही. माईक उघडला की जहाजावरच्या तिघांना कळणार — त्यांचा ‘वादळ’ म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे.

हे गेले तेव्हा वेळ जावा म्हणून मुलाने खेळ लावून दिला. वेळ गेला नाही, मीच त्यात गेले. कप्तान, टकल्या, पेन्सिल आणि मी. एकमेकांची तोंडं कधी पाहिलेली नाहीत. कप्तानाचा पहिल्या दिवसापासून एकच नियम — बोलायचं नाही, लिहायचं. मला तर देवच पावला! आठ वर्षं ‘आलो, गेलो, मारलं रे’ लिहितेय. ते मला भावा म्हणतात. हे तिघं सुटले तर माझ्याकडे दुकान आणि रात्रीची भाजी एवढंच उरतं.

५ मार्च
यंत्राला आवाज ओळखायला शिकवायचा म्हणून ‘भर’ आणि ‘मार’ तीन-तीनदा म्हणायचं. मी म्हटलं. यंत्र म्हणालं, पुन्हा बोला. असं अकरा वेळा. सूनबाई दारातून — “आई, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता तसं नको. माझ्याशी बोलता तसं बोला.” बोलले. पहिल्या फटक्यात पास! खालच्या मजल्यावरचे काका मात्र विचारायला आले, सगळं ठीक आहे ना.

मग पंख्याने मागचा टॉवेल हलला. कॅमेऱ्याला तो माझा तिसरा हात वाटला. मी चारदा ‘मार’ म्हटलं आणि चारही गोळे आमच्याच शिडावर.

८ मार्च
एकटीच सराव करतेय. कबूल करायला जिवावर येतं, पण यात कसब आहे. नवखा माणूस खांद्यापासून हात फिरवतो आणि पाच मिनिटांत दमतो. कोपर अंगाला चिकटवून नुसतं मनगट हलवायचं. मी पस्तीस वर्षं चाकावर काच धरतेय, हात तसूभर हलला तर काच गेली! हवेत हात स्थिर ठेवणं मला शिकवायला नको. आणि शब्द तोंडातून आधी काढायचा, निशाणा लागायच्या किंचित आधी, कारण यंत्राला ऐकायला क्षणभर लागतो. आज वीसपैकी अठरा. बटणांवर सतराच्या वर कधी गेले नव्हते!

१२ मार्च
चौघांचा पहिला सराव. संध्याकाळचे पाच. शत्रूचं जहाज ढगातून बाहेर आलं आणि मी ओरडले — “मार!”

मग टकल्याचा आवाज, “कोण आहे तिथे?”

“वादळ,” मी म्हटलं.

पेन्सिल म्हणाला, “आई शप्पथ! आपण आठ वर्षं एका काकूंना शिव्या घालतोय!” आणि दोघं जे हसायला लागले! मीही हसले. मग काय, गप्पाच गप्पा. टकल्याला चष्म्याच्या नंबराचं विचारायचं होतं, पेन्सिलला त्याच्या आईच्या गुडघ्याचं. तोफेच्या जोरावर दोन लढाया जिंकल्या. केवढी भीत होते मी, उगाच!

फक्त कप्तान बोलला नाही. सुकाणू त्याच्याकडे, आणि जहाज वळतच नव्हतं. हात फिरवायचा, पण ‘वळ’ म्हणायचाच नाही. लिहिलं, माईक बिघडलाय. मग लिहिलं, ‘लिहा.’ आम्ही बोलत होतो. पुन्हा, ‘लिहा.’ तिसऱ्यांदा, ‘कोणीतरी लिहा.’

१५ मार्च
कप्तान आला आणि दहा मिनिटांत गेला. आमच्या हसण्याला एक शब्दही उत्तर नाही. टकल्या म्हणतो, “नवीन माईक घ्यायचा सोडून फुगून काय बसलाय!” मला माहीत आहे काय झालंय. त्याला तोफेवर काकू नकोय. त्या दोघांनी हसून घेतलं, त्याने नाही घेतलं.

१९ मार्च
कप्तानाने लिहिलं — ‘मी यंदा नाही. तुम्ही तिघं खेळा.’ बस्स, एवढंच.

दुकानात आज दोन काचा फोडल्या. मला रडू आलं, तेही गिऱ्हाइकासमोर. सून म्हणते, “त्याचं तो बघेल.” कसं बघेल? हे जहाज त्यानेच बांधलंय. तोफेवर कोणी घेत नव्हतं तेव्हा मला त्यानेच घेतलं. ‘हळू खेळतोस, पण चुकत नाहीस,’ असं लिहिलं होतं तेव्हा.

२३ मार्च
शेवटी लिहिलं त्याला. खाडाखोड करत तासभर गेला.

‘कप्तान, मी अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे. आधी सांगितलं नाही, चुकले. काढून टाकाल म्हणून घाबरले होते. माझ्या आवाजामुळे जाणार असाल तर जाऊ नका. मीच जाते.’

पाठवलं.

२४ मार्च
उत्तर नाही.

२६ मार्च
सकाळी चहाच्या आधीच उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते.

‘काकू, तुमचा आवाज कसा आहे मला माहीत नाही. कोणाचाच माहीत नाही. मला जन्मापासून ऐकू येत नाही. बोलतो, पण यंत्राला माझं बोलणं समजत नाही. काढून टाकाल म्हणून मीही सांगितलं नव्हतं. स्पर्धेचा नियम वाचला. सुकाणूच्या एका खुर्चीवर दोघं चालतात. हात माझे, आवाज तुमचा. चालेल?’

लिहिलं — चालेल. तोफ पेन्सिलकडे देते. पाच वाजता ये. त्या दोघांना आधी लिहायला बसवते.