प्रोखोरसाठी राखलेली थैली

१४ मार्च
आलो एकदाचा! रशियातल्या कामा नदीकाठचं हे गाव मला पाहताक्षणी आवडलं. मिठाच्या कारखान्यातली नोकरी निमित्तमात्र. खरी हौस इथलं टपाल-ठाणं चालवायची. आमच्या हौशी संगणक-जाळ्यातली पत्रं अजून जुन्याच रीतीनं जातात. माझ्या संगणकानं ती साठवायची, मग पुढच्या ठाण्याला द्यायची, त्यानं त्याच्या पुढच्याला. पूर्वी हे टेलिफोनवरून चाले, आता बहुतेक ठिकाणी इंटरनेटवरून. घरमालकीण येगोरोव्नाबाईंनी मिठात मुरवलेले मशरूम वाढले आणि माझ्या मिशीची यथेच्छ टर उडवली. असल्या मिशीनं कारखान्यात झाडलोट करणार आहेस का, आर्सेनी, म्हणाल्या.

१९ मार्च
ठाण्याच्या संगणकात न पोचवलेल्या पत्रांची एक थैली पडून आहे, प्रोखोरच्या नावाची. प्रोखोर म्हणजे बाईंचा नवरा. गोठलेल्या नदीवर मासे धरायला गेला तो बर्फाखाली गेला. बाई अजून त्याला दर शुक्रवारी घरच्या संगणकावरून पत्र लिहितात. ते 'राखीव' ठेवायचं, म्हणजे ज्याचं पत्र तो स्वतः मागायला आला तरच द्यायचं, असा इथल्या मंडळींचा रिवाज. जिवंतपणी हा बाबा कधी वेळेवर जेवायला आला नाही, आता त्याला कुठली घाई, असं बाई हसत म्हणाल्या. 

२२ मार्च
ठाण्याचा टेलिफोनवरचा जुना कारभार इंटरनेटच्या नव्या जोडणीवर हलवला. सगळ्या थैल्यांवर एकच खूण केली: 'लगेच पोचवा'. प्रोखोरची वेगळी काढायची राहून गेली. हरकत नाही, पलीकडे घ्यायला आहे कोण.

२३ मार्च
थैली रिकामी. पलीकडून पोचही आली आहे. कुणी चेष्टा केली का म्हणून शेजारच्या ठाणेवाल्यांना विचारलं. चेष्टा कसली, राखीव थैली कुणी अशी सोडतं का रे, म्हणून त्यांनी मलाच झापलं.

२५ मार्च
बाईंना उत्तर आलं. एकच ओळ: ये, इथे मासे खूप आहेत. त्यांनी वाचलं, बूट चढवले आणि चहाचा थर्मास घेऊन थेट नदीवर चालू लागल्या. वसंतातला बर्फ, करकरत होता. मी दंडाला धरून ओढून आणलं. घरी आल्यावर मलाच विचारतात, माझे बूट कुणी भिजवले रे? मला भीती वाटते आहे. हे माझ्यामुळे झालं.

२८ मार्च
खूण पुन्हा 'राखीव' केली. आपोआप पालटली. इंटरनेटची तार उपटली — तरी बाईंच्या पडद्यावर पत्र आलंच.

३० मार्च
बाई आज पुन्हा गेल्या. या वेळी कमरेपर्यंत पाण्यात. पुढच्या खेपेला मी पोचलो नाही तर —

३१ मार्च
मीच प्रोखोरला लिहिलं. चूक माझी आहे. बाईंना सोडा, थकल्यात त्या. तार नसतानाही पत्र गेलं.

२ एप्रिल
बाई बऱ्या आहेत. ब्लिनी, म्हणजे इथली पातळ धिरडी, तळताना गुणगुणत होत्या. आज त्यांच्या नावाचं पत्र नाही.
माझ्या नावाचं आहे. उघडणार नाही.

३ एप्रिल
उघडलं नव्हतं — तरी ओळ पाठ आहे —
पायाखाली बर्फ. वही हातात, कशी आली कळत नाही. काठावरून बाई ओरडताहेत, आर्सेनी, परत फिर, मेल्या. ऐकू येतं. पाय ऐकत नाहीत. पुढे येऊ नका म्हणून ओरडलो. थांबल्या. बरं झालं.
समोर बर्फातल्या भोकाशी तो बसलाय, पाठमोरा — सरकून शेजारी जागा क