मधे कोण उभं राहणार

९ मार्च

क्रिसांतो गाढव आहे. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सावकाश लिहिता येईल.

जुन्या गुन्हेपटांच्या धर्तीवर बारा कृष्णधवल छायाचित्रं — टोप्या, धूर, भिंतीवर खिडकीच्या झडपांच्या सावल्या, आणि कुणाचाच कुणावर भरवसा नाही — ही कल्पना माझी. मनिलात तेवीस वर्षं बातम्या खरडून एकदाच सुचलेली! कॅमेरा त्याचा. म्हणून प्रदर्शनाच्या पाटीवर पहिलं नाव म्हणे त्याचं. "कल्पना काय पंडिता, जेवताना कुणालाही सुचते."

१४ मार्च

अकरा चित्रं झाली. मुख्य राहिलंय: जिन्यावर नवरा, बायको आणि दोघांच्या मधे एक परका. ऊन झडपांतून दुपारी तीनला येतं, म्हणजे रात्र दुपारीच करायची.

नाटकवाले लिगाया आणि तानो नवरा-बायको व्हायला तयार. मधे मात्र कुणी येईना! तिघांच्या फोटोत मधला आधी मरतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मीच विसरलो. तेवीस वर्षं!

पहारेकऱ्याला विचारलं. "साहेब, निवृत्तीला तीन महिने राहिलेत हो!" खालचा न्हावी म्हणाला, "कडेला उभं करा, फुकट राहतो."

१५ मार्च

कडाक्याचं भांडण.

क्रिसांतो: "कोपऱ्यात चौथा उभा कर, विषय संपला."

मी: "त्रिकोणाला चौथा कोन? शाळेत गेला होतास का?"

"मग तूच राहा की मधे! आत्मा मरत नाही म्हणतोस ना रोज?"

माझं पोट या शैलीत बसत नाही, म्हणालो. सगळे खो खो हसले. मीही घाबरलो होतो, ते फक्त इथेच लिहितो.

१६ मार्च

बोलणं बंद. सुख!

२६ मार्च

आज आला तो टोपी घालूनच. कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि जाऊन मधे उभा राहिला. "बटण दाबता येतं ना, की त्यालाही मंत्र लागतो?"

कोट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. मी म्हटलं, "मारिंग वहिनी जेवायला घालत नाहीत वाटतं." एरवी माझ्या फुसक्या विनोदांनाही हसणारी लिगाया हसली नाही.

एकदाच दाबलं. चित्र अप्रतिम आलंय — तेच झोंबतंय. आता मधली जागाही त्याची! उद्या पाटीवरून शेवटचं काय ते बोलणार. शब्द योजून ठेवलेत, एकेक ठेवणीतला.

२७ मार्च

दारावरच्या पाटीवर माझं नाव पहिलं. जिन्याच्या चित्राखाली फक्त माझंच.

तो नव्हता. मारिंग वहिनी एकट्याच चित्रं टांगत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलंय. तो म्हणाला, मधे उभं राहायला माझ्याइतका मोकळा माणूस आता मनिलात नाही."

योजलेले शब्द तसेच घरी आणले.