सियोब बाजारातला सबंध नान

प्रिय मुनीसा,

तुझी आत्या अजून समरकंदातच आहे, आणि अजून भानावर आलेली नाही. सियोब बाजाराचं नाव जन्मभर ऐकत आले, पण पाहिला आज, आणि बाई गं, देवाने डोळे दोनच का दिले असं झालं! माझ्या खांद्याएवढे जर्दाळूंचे ढीग, वर शेजारच्या मशिदीचा निळा घुमट, आणि बायकांच्या गाड्यांवर नानांच्या चळती, इतक्या चकचकीत की त्यांत बघून मी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. आपल्या मर्गिलानच्या बाजाराचा मला केवढा तोरा! तो फाटकातच उतरला.

पण मी काही बाजार बघायला आले नव्हते. तुझ्या बापाने गाडीत बसवताना बजावलं होतं, "सलोमत, तू घरातली मोठी. मुनीसाला सांगून आलेल्या त्या सर्वरची आई ओयदिन तिथे नान विकते. गुपचूप बघून ये, आणि माणसं बरी वाटली तर तिथेच नान मोडून ये, पुन्हा खेप नको." दोन्हीकडच्या मोठ्यांनी मिळून नान मोडला की सोयरीक पक्की. मग तुझं काही चालत नाही, आणि माझंही नाही.

ओयदिनबाईंची गाडी शोधली आणि साळसूद गिऱ्हाईक होऊन उभी राहिले. खोड काढायचीच म्हणून म्हटलं, "शिळे दिसतात हो!" तर म्हणते कशी, "आपा, समरकंदचा नान शिळा होत नाही, गिऱ्हाईकं होतात." शेजारची जिरेवाली फिस्सकन हसली. मग मी मुद्दाम एक नान पालथा ठेवला, म्हणजे अन्नाचा केवढा अपमान! तिने नान उचलला, कपाळाला लावला, सुलटा करून ठेवला. मीच ओशाळले.

मग तिने एक गरम नान पुढे केला. "चव तर घ्या!" मी सवयीने एक कड धरली, दुसरी तिच्या हातात. तेवढ्यात जिरेवाली किंचाळली, "अगं ओयदिन, हा रेशमी रुमाल मर्गिलानचा! आणि नाक बघ, तुझ्या फोटोतल्या पोरीचंच! मुबारक हो, नान मोडतायत!" झालं! गाड्या सोडून बायका धावल्या, कुणी खडीसाखरेची मूठ भरून उधळायला उभी राहिली. खरं सांगू? मला मोडावासाच वाटला. एवढा बाजार आनंदाने बघतोय, त्यात नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

आणि ओयदिनने आपली कड सोडली. स्वतःच्या मुलाची सोयरीक हातात आलेली, ती सोडली! म्हणाली, "हात आवरा गं बायांनो. पोरीला विचारलंय का कुणी?" मी तिच्याकडे बघतच राहिले, घुमटाकडेही एवढं बघितलं नव्हतं. माझा नान मोडला तेव्हा मी दाराआड पेले विसळत होते, मुनीसा. बाहेर 'मुबारक' ऐकलं, तेव्हा कळलं. तुझे आतोबा भले माणूस होते, तक्रार नाही. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं गं. तिच्यासमोर एकदम रडूच आलं मला, आणि त्या बयेने विकायच्या नानांवरचं फडकं काढून माझे डोळे पुसले.

तुझ्याकडे ताश्कंदला निघालेल्या टॅक्सीवाल्याजवळ हे पत्र देते आहे, आणि सोबत तोच नान. सबंध आहे. कडेला माझ्या बोटांचा ठसा दिसेल, तेवढंच. सर्वर तुला आवडतो की नाही, हे मी आजवर विचारलं नाही, आता विचारते. आवडत असेल तर तूच मोड, आणि अर्धा ओयदिनला पाठव. नसेल, तर आहे तसा परत कर. ती रागावणार नाही, मला शब्द दिलाय तिने. तुझ्या बापाला काय सांगायचं ते मी बघते.

तुझीच,
सलोमत आत्या