सही माझी चालत नाही

बेसा, मंगळवार, संध्याकाळ

अजून राग उतरलेला नाही. मुग्धाचा, माझ्या लेकीचा, जर्मनीहून फोन आला. ती आता तिथली नागरिक आहे. सात देशांतले सात जण पुढे आले आणि दहा लाख सह्या जमल्या, तर युरोपियन संघाकडे लोकांना कायद्याची मागणी करता येते, म्हणे. मुग्धा आणि तिचे सोबती तशी मागणी करणार आहेत. मागणी साधी आहे: तुमच्याकडे बंदी असलेलं फवारणीचं औषध आमच्याकडे विकू नका. सावनेरच्या शेतात तेच फवारताना माझ्या दादाची नजर गेली.

"आई, तुले सही नाही करता येत. इथल्या नागरिकांचीच चालते."

"डोळे आमचे गेले, अन् सही काहून नाही वं?"

नियम काय तिने केला? मग तिच्यावर का ओरडले मी?

नंतर दादाला फोन करून विचारलं, मागणीत तुझी हकीकत लिहू का?

"लिही वं. नावासकट लिही. मी का चोरी केली का?"

लगेच बसले आणि दोन पानं लिहून मुग्धाला पाठवली. तिचं उत्तर आलं, "मागणीच्या सुरुवातीलाच लावतो, एक शब्दही बदलत नाही. पाच देशांतले लोक मिळाले, दोन शोधून राहिलो."

सही नसेना माझी. पण सही करणाऱ्या प्रत्येकाला आधी दादाचं नाव वाचावं लागेल.